मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा का?

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात माझं ऑनलाईन कामाचं दुकान आहे, पासपोर्टचे फॉर्म, व्हिसाची कागदं, रेल्वेची विमानाची तिकिटं असलं सगळं. पाकिस्तानवरून जायची वाट बंद झाल्यापासून विमानांचे तास हा विषय रोज कोणीतरी काढतंच, पण ज्या प्रश्नामुळं हे लिहायला बसलो तो वडगावातल्या एका मावशींचा. मागवाल्या घरातल्या, आयुष्य साड्या विणण्यात गेलं, मुलगी न्यूयॉर्कच्या शेजारी न्यूजर्सीला, तिचं बाळंतपण म्हणून पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या. तिकिटाची प्रिंट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आरं हे बघ की बाबा, रात्री दोनला मुंबईतनं सुटतंय आणि त्याच दिवशी सकाळी साडेआठला अमेरिकेत. साडेसहा तासात अमेरिका? आणि येताना दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बारा, म्हणजे चोवीस तास. तिकीट चुकलंय काय?"

शेजारी नातू उभा होता, त्यानं मोबाईलवर बघून सांगितलं, अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग नऊशे, भागाकार केला तर चौदा तास यायला पाहिजेत. म्हणजे एकाच प्रवासाची तीन उत्तरं झाली, साडेसहा, चोवीस आणि चौदा, आणि यातलं एकही प्रत्यक्षातलं नाही. खरं उत्तर म्हणजे जाताना साधारण सोळा आणि येताना साधारण साडेचौदा तास. का, ते सावकाश बघू, कारण यात घड्याळ आहे, पृथ्वीची गोलाई आहे, वारा आहे आणि आपल्याला चांगलाच ओळखीचा असलेला सीमेचा प्रश्नही आहे.

आधी घड्याळ: तिकिटावरच्या दोन वेळा दोन गावांच्या असतात

तिकिटावर सुटायची वेळ ज्या गावातनं सुटतं तिथली आणि पोचायची वेळ ज्या गावात पोचतं तिथली. हे एवढं कळलं की निम्मा गोंधळ संपतो. पृथ्वी चोवीस तासात एक गिरकी घेते, म्हणजे तीनशे साठ अंश, म्हणजे तासाला पंधरा अंश. न्यूयॉर्क आपल्यापासून पश्चिमेला जवळजवळ १४७ अंशांवर, तेव्हा आपल्याकडं सूर्य मावळायला येतो तेव्हा त्यांच्याकडं नुकतं उजाडलेलं असतं. आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढं, थंडीत साडेदहा तास पुढं. हा एका तासाचा फरक आपल्यामुळं नाही, ते लोक मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढं करतात म्हणून.

आता मावशींचं तिकीट घ्या. रात्री दोनला सुटलं, सोळा तास उडलं, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे सहा. त्यातनं साडेनऊ वजा केले की सकाळचे साडेआठ. तिकीट बरोबरच होतं. येताना तिथल्या दुपारी बाराला निघालं, साडेचौदा तास उडलं, तिथल्या घड्याळात रात्रीचे अडीच, त्यात साडेनऊ मिळवले की आपल्याकडं दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा.

एक सोपी युक्ती सांगतो, दुकानात मी सगळ्यांना हीच सांगतो. जातानाचे कागदावरचे तास आणि येतानाचे कागदावरचे तास यांची बेरीज करायची. साडेसहा अधिक चोवीस म्हणजे साडेतीस. घड्याळाचा फरक जाताना वजा होतो आणि येताना तेवढाच मिळतो, त्यामुळं बेरजेत तो उरतच नाही. साडेतीसला दोननं भागलं की सव्वापंधरा, हा झाला एका बाजूचा खरा सरासरी वेळ. कुठल्याही दोन गावांना चालतं, दुबई असो नाहीतर ऑस्ट्रेलिया, फक्त दोन्ही बाजूला थेट विमान पाहिजे आणि मधल्या काळात तिकडं घड्याळ पुढं-मागं झालेलं नको.

साडेबारा हजार किलोमीटर कुठनं मोजले?

भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को असं करत अटलांटिक समुद्रावरून जाते. बघायला एकदम सरळ. पण त्या रेघेनं गेलं तर अंतर भरतं जवळजवळ १४,२०० किलोमीटर. आणि खरी जवळची वाट १२,५०० च्या थोडीशी वर. म्हणजे नकाशावरच्या "सरळ" रेघेनं गेलात तर सोळाशे किलोमीटरचा वळसा, बेळगाव ते दिल्ली अंतर जास्तीचं काटल्यासारखं.

मावशींना हे पटेना, पटण्यासारखं नाहीच. दुकानात ग्लोब नव्हता म्हणून समोरच्या गाड्यावरनं एक बऱ्यापैकी गोल कलिंगड आणलं. देठ म्हणजे उत्तर ध्रुव धरला, मधोमध कंबरेला एक रेघ म्हणजे विषुववृत्त, रेघेच्या थोडं वर पेनानं मुंबईचा ठिपका आणि जवळजवळ पलीकडच्या अंगाला, आणखी थोडं वर, न्यूयॉर्कचा. मावशींच्या पिशवीत रेशमाची कांडी होतीच, त्यांनी दोरा काढला, एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबलं आणि आडवा, कलिंगडाच्या कंबरेवरून दुसऱ्या ठिपक्यावर नेला. मग म्हटलं, आता ताणा. मागावर दोरा ताणायची सवय असलेला तो हात, त्यांनी हळूच ओढला आणि दोरा आपणहून सरकत सरकत वर गेला, पार देठाच्या जवळ, आणि बोटभर दोरा हातात शिल्लक राहिला. "अगं बाई, वरनं जवळ हाय की," म्हणाल्या.

गोल वस्तूवर दोन ठिपक्यांमधली सगळ्यात आखूड वाट म्हणजे हा ताणलेला दोरा. त्याला बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे पृथ्वीचे बरोब्बर दोन अर्धे करणारं वर्तुळ, त्याचा तुकडा. मुंबई-न्यूयॉर्कचा हा दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, पुढं फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँडच्या जवळनं ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडात उतरतो. विमानातल्या सीटसमोरच्या पडद्यावर विमान बर्फाळ भागात गेलेलं दिसतं आणि लोक घाबरतात की वाट चुकली काय, तर ती मूळ जवळची वाट तिकडनंच आहे.

दोष नकाशाचा म्हणावा तर तसंही नाही. आपण शाळेत बघतो तसले बरेच नकाशे मर्केटर यांच्या १५६९ सालच्या पद्धतीवर बेतलेले, ते जहाजवाल्यांसाठी केलेले, होकायंत्राची दिशा न बदलता जाता यावं म्हणून. गोल साल सपाट करताना कुठंतरी ताणावंच लागतं, आणि या पद्धतीत ध्रुवाकडचा भाग भयंकर ताणला जातो. ग्रीनलँड नकाशावर आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात ते आपल्या भारतापेक्षा लहान आहे आणि आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदापट.

मग साडेबारा हजार भागिले नऊशे, चौदा तास का नाही?

हे बेळगावच्याच उदाहरणानं सांगतो. सांबऱ्यापासून, म्हणजे बेळगावच्या विमानतळापासून, मुंबई विमानतळ सरळ रेघेत साधारण चारशे किलोमीटर. नऊशेच्या वेगानं सत्तावीस मिनिटं व्हायला पाहिजेत. तिकिटावर मात्र एक तास किंवा वर लिहिलेलं असतं.

कारण नऊशे हा वेग वर, पस्तीस हजार फुटांवर गेल्यावरचा आहे, तोसुद्धा मोठ्या जेट विमानाचा. पंख्याची एटीआरसारखी छोटी विमानं तासाला पाचशेच्या आसपासच जातात. जमिनीवर धावपट्टीपर्यंत सावकाश जाणं, रांगेत थांबणं, चढणं, मग उतरायच्या आधी कितीतरी वेळ वेग कमी करत येणं. चारशे किलोमीटरच्या प्रवासात सरळ सपाट उडणं थोडंच होतं, बाकी चढ-उतारच. आणि मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकावेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत, तेव्हा आकाशात घिरट्या घालत नंबर लागायची वाट बघावी लागते. टिळकवाडीत दुसऱ्या गेटला रेल्वेसाठी फाटक पडतं तेव्हा आपल्या गाडीचा वेग साठ असला काय आणि ऐंशी असला काय, थांबायचं ते थांबायचंच.

विमान कंपन्या तिकिटावर जो वेळ धरतात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पोचल्यावर परत ठोकळे लावेपर्यंतचा वेळ. त्यात हे सगळं आलं, वर थोडी मोकळीकही धरलेली असते, म्हणून कधीकधी अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान वेळेत पोचतं आणि लोकांना वाटतं पायलटनं जोरात मारलं.

लांबच्या प्रवासाला ही चढ-उताराची भर अर्ध्या-पाऊण तासाची. म्हणजे चौदाचे पावणेपंधरा झाले. पण मग जाताना सोळा आणि येताना साडेचौदा हा फरक अजून उरलाच. त्याला कारण वारा.

सांबऱ्याची सायकल आणि वरचा वारा

शाळेत असताना आम्ही आषाढात सायकलवरनं सांबऱ्याला जायचो, विमान दिसेल म्हणून. तेव्हा विमानं कमी, बऱ्याचदा एअरफोर्सच्या ट्रेनिंग सेंटरची भिंत बघूनच परत. पण ती सायकल मला अजून आठवते कारण जाताना पाय मारायलाच लागायचे नाहीत. सांबरा बेळगावच्या पूर्वेला आणि पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा, पाठीत बसायचा, शर्ट फुगायचा आणि सायकल आपोआप पळायची. परत येताना तोच वारा तोंडावर, डोळ्यात पाणी, बसवण कुडचीच्या पुढं तर उतरून ढकलत यायचो. अंतर तेच दहा किलोमीटर, सायकल तीच, पाय तेच.

विमानाचं अगदी हेच आहे. फक्त वारा मोठा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर वर, म्हणजे बरोबर विमानं उडतात त्याच थरात, पश्चिमेकडनं पूर्वेकडं वाहणारे वाऱ्याचे नदीसारखे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. थंडीत त्यांचा वेग तासाला दोनशे, कधी तीनशेच्या वर जातो. अमेरिकेतनं आपल्याकडं यायचं म्हणजे पूर्वेला यायचं, वारा पाठीत. जायचं म्हणजे पश्चिमेला, वारा तोंडावर. म्हणून सोळा आणि साडेचौदा.

हे वारे पहिल्यांदा पद्धतशीर मोजले ते जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी, १९२० च्या दशकात, फुगे सोडून आणि दुर्बिणीनं त्यांचा माग काढून. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपलं काम एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या जागतिक भाषेत छापलं, आणि ती भाषा वाचणारे इतके थोडे की कोणाचं लक्षच गेलं नाही. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. पुढं १९४४ मध्ये अमेरिकेची बॉम्बर विमानं जपानवर गेली तेव्हा पायलटांना कळेना की विमान पुढं का सरकत नाही, तेव्हा हे वारे सगळ्यांच्या ध्यानात आले.

हे वारे का वाहतात तेही सोपंच आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग पूर्वेकडं तासाला सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं फिरतोय, साठ अंश उत्तरेला मात्र त्याच्या निम्म्यानं, कारण तिथलं वर्तुळच लहान. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढून उत्तरेकडं निघाली की आपला जुना वेग बरोबर घेऊन जाते, खालची जमीन मात्र हळू फिरतेय, तेव्हा हवा पुढं, म्हणजे पूर्वेला पळते. गरम आणि गार हवेतला फरक जितका जास्त तितका वारा जोरात, म्हणून थंडीत जोर जास्त.

आपल्या डोक्यावर पावसाळ्यात उलटंच होतं हेही सांगायला पाहिजे. आषाढात खाली पश्चिमेचा वारा छत्र्या उलट्या करतो, पण चौदा-पंधरा किलोमीटर वर त्याच वेळी पूर्वेकडनं पश्चिमेकडं जोराचा वारा असतो. तो आपल्याच भारतातले हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात जगापुढं मांडला.

वारा किती मोठं काम करतो याची दोन उदाहरणं. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपात कियारा नावाचं वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, एरवी साडेसहा-सात तास लागतात. जमिनीवरनं मोजलेला वेग तासाला तेराशेपर्यंत गेला होता. काही जणांना वाटलं आवाजाचा वेग ओलांडला, पण नाही, विमान हवेतनं नेहमीच्याच वेगानं चाललं होतं, हवाच पळत होती.

दुसरं तर आपलंच. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप-अटलांटिकवरून जायचं, ती वाट साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूनं, पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साधारण दोन तास कमी, साडेचौदा तासात पोचलं, कारण आता वारा पाठीत होता. लांबची वाट लवकर पोचवते हे मी आधी वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

सॅन फ्रान्सिस्को हे आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला असल्यामुळं तिथं पूर्वेनं जा, पश्चिमेनं जा नाहीतर ध्रुवावरून जा, अंतरात फार फरक पडत नाही, मग वारा बघून ठरवता येतं. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवावरनं आलं, कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला पायलट. न्यूयॉर्कला ही सोय नाही, पूर्वेनं गेलं तर फारच लांब पडतं.

"पृथ्वी फिरतेच की, विमानानं वर नुसतं थांबावं, खाली अमेरिका येईल"

हा प्रश्न दर महिन्याला एकतरी जण विचारतो आणि प्रश्न चांगला आहे. बेळगाव आत्ता या क्षणी पूर्वेकडं तासाला सोळाशे किलोमीटर वेगानं पळतंय. मग सांबऱ्याच्या वर हेलिकॉप्टर तासभर थांबलं तर खाली अरबी समुद्र यायला पाहिजे, येत नाही. कारण जमिनीबरोबर हवाही तेवढ्याच वेगानं फिरते आणि हेलिकॉप्टरही उडायच्या आधीपासून तेवढ्याच वेगात असतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये उभं राहून नाणं वर उडवा, ते मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तुमच्याच हातात पडतं. गाडी, गाडीतली हवा, तुम्ही, नाणं, सगळं एकाच वेगात. तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाला सरळ सरळ फायदा नाही आणि तोटाही नाही. जो काही परिणाम होतो तो वाऱ्याच्या मार्गानं होतो, आणि तो वारा फिरण्यामुळंच वळलेला, एवढाच संबंध.

"जाताना गेलेला वेळ येताना परत मिळतो, हिशेब फिटला"

फिटत नाही. सायकलचा वेग पंधरा धरा, वारा पाचचा. सांबऱ्याला जाताना वीसच्या वेगानं दहा किलोमीटरला तीस मिनिटं. येताना दहाच्या वेगानं साठ मिनिटं. एकूण नव्वद. वारा नसता तर जाऊन-येऊन ऐंशी. वारा जेवढा देतो त्यापेक्षा जास्त घेतो, कारण विरोधात असताना तुम्ही त्याच्या तावडीत जास्त वेळ असता. म्हणून पायलट जाताना वारा टाळायला थोडी वाकडी वाट धरतात आणि येताना मुद्दाम त्याच्यात शिरतात. रोजची वाट रोजच्या वाऱ्यावर ठरते, त्यामुळं मागच्या वर्षी मुलाला पंधरा तास लागले म्हणून तुम्हालाही पंधराच लागतील असं नाही.

वरची सीमा

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आणि आपल्या भागातल्या माणसाला सगळ्यात लवकर कळणारी. सीमाप्रश्नावरनं वातावरण तापलं की काय होतं ते आपण बघितलंय. कोल्हापूरची बस हद्दीवरच्या कोगनोळीपर्यंतच, तिथं सामान डोक्यावर घेऊन पलीकडं चालत जायचं आणि दुसरी बस धरायची. रस्ता तोच, अंतर तेच, पण दोन तासांचे चार तास होतात. आजारी माणूस, परीक्षेला निघालेली पोरं, सगळ्यांचे हाल.

आकाशालाही अशाच सीमा असतात. १९४४ च्या शिकागो करारात देशांनी मान्य केलं की आपल्या जमिनीवरच्या आकाशावर त्या त्या देशाचाच हक्क. दुसऱ्याच्या आकाशातनं जायला परवानगी लागते आणि फी भरावी लागते, आपल्या टोलसारखी. परवानगी नाकारली की वळसा. पाकिस्ताननं २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै आकाश बंद ठेवलं होतं. नंतर एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ तारखेपासून भारतीय कंपन्यांना परत बंदी आली, आणि महिन्या-महिन्यानं ती वाढत गेली. आपणही त्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. मघाशी दोऱ्याची वाट सांगितली ती आठवा, मुंबईतनं निघाल्यावर पहिलाच देश पाकिस्तान. तो बंद म्हणजे आधी अरबी समुद्रावरनं ओमानच्या बाजूला जायचं आणि मग वर वळायचं. दिल्लीकरांचे हाल जास्त, कारण त्यांना आधी खाली गुजरातकडं यावं लागतं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मध्ये युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं.

"तास-दीड तासाचा वळसा, त्यात काय एवढं, थोडं जास्त पेट्रोल घालायचं" असं कोणी म्हणेल. पण लांबचं विमान शंभर टनाच्या वर इंधन घेऊन उठतं, आणि त्यातलं बरंचसं बाकीचं इंधन वाहून न्यायलाच जळतं. जास्तीच्या तासाचं इंधन घालायचं तर ते इंधन पंधरा तास उचलून नेण्यासाठी आणखी इंधन. उठताना विमानाच्या वजनाला मर्यादा असते, मग माल कमी करा, नाहीतर माणसं कमी करा. तिकिटं महागतात ती अशी.

रशियाचंही असंच. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियानं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आकाश बंद केलं. फिनलंडच्या कंपनीचं हेलसिंकी-टोकियो विमान साडेनऊ तासाच्या आसपास पोचायचं, ते तेरा तासांवर गेलं, ध्रुवाला वळसा घालून. भारतीय कंपन्यांना मात्र रशिया मोकळा. म्हणजे बघा, अमेरिकन कंपनीला पाकिस्तान मोकळा पण रशिया बंद, भारतीय कंपनीला रशिया मोकळा पण पाकिस्तान बंद. एकाच दोन शहरांमध्ये, एकाच दिवशी, दोन कंपन्यांची विमानं दोन वेगळ्या वाटांनी जातात आणि तास वेगळे लागतात. तिकीट काढताना नुसता दर बघू नका, तासही बघा.

आखातात गेलेली आपली पोरं भरपूर, त्यांच्या घरच्यांना जून २०२५ आठवत असेल. इराण-इस्राईलची लढाई पेटली, इराण, इराकचं आकाश बंद, मग २३ जूनला कतारनंही काही तास बंद केलं. निम्म्या वाटेतनं विमानं परत फिरली. खालच्या माणसांना फक्त स्क्रीनवर "विलंब" दिसत होतं.

"मग हिमालयावरनं का जात नाहीत?"

वरनं जायला अडचण नाही, विमान एव्हरेस्टच्याही वर उडतं. अडचण खाली यायची आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर डोक्यावरनं मास्क पडतात, त्यातला ऑक्सिजन साधारण बारा-पंधरा मिनिटं पुरतो, तेवढ्यात पायलटनं दहा हजार फुटांवर यायचं असतं, म्हणजे तिथं साध्या हवेत श्वास घेता येतो. तिबेटचं पठारच सरासरी चौदा-पंधरा हजार फूट उंच. दहा हजारावर यायला जागाच नाही. म्हणून सहसा तो भाग टाळतात.

बेळगावकरानं तास मोजताना

तिकिटावरचे सोळा तास हे मुंबईपासूनचे. आपल्याला त्याआधी मुंबई गाठायची असते, जवळजवळ पाचशे किलोमीटर रस्ता, रात्रीची बस, वर विमानतळावर तीन तास आधी. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका गिऱ्हाइकाची बस घाटात अडकली आणि विमान गेलं, मी त्याला त्याच रात्रीची बस धरायला सांगितलं होतं, अजून मनाला लागून आहे. तेव्हापासून मी एक दिवस आधी मुंबईत पोचा असंच सांगतो. सांबऱ्याहून विमान धरणार असाल तर दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये घ्या. वेगवेगळी घेतली आणि पहिलं उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी राहत नाही.

मावशींनी कलिंगड घरी नेलं, पैसे देऊन, नातवंडांना कापायच्या आधी दोरा परत ताणून दाखवणार म्हणाल्या. जाताना विचारलं की तिकडनं घरी फोन कधी करायचा ते कसं कळणार. म्हटलं, विमानात बसल्यावर हातातल्या घड्याळाला हात लावू नका, ते वडगावच्याच वेळेवर राहू दे, मोबाईल तिथं उतरल्यावर आपोआप तिथली वेळ धरेल. मनगटावर वडगाव, हातात न्यूजर्सी. इकडं मागावर सून रात्री आठला काम थांबवते, तेव्हा तिकडं सकाळचे साडेदहा वाजलेले असतील, त्या वेळेला घरी फोन लावा.